सातचं इंजेक्शन

"सिस्टर, लवकर चला. बाबा उठत नाहीत."

चौऱ्याऐंशी सालची सकाळ, सव्वानऊची वेळ. दवाखान्याच्या दारात रखमा अनवाणी उभी होती. नर्स साबिरानं बॅग उचलली आणि वाशीच्या त्या बैठ्या घरांपर्यंत जवळजवळ पळतच गेली. मनात एकच भीती घोंघावत होती. रखमाला सुई टोचायला तिनंच शिकवलं होतं.

रखमाचे सासरे भगवानबाबा खाटेवर घामानं निथळत पडले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी अजून डोळ्यांवर होती. साबिरानं शिरेतून ग्लुकोज द्यायला घेतलं. शीर सापडली.

"इन्सुलिन किती दिलंस?"

"रोजच्याएवढंच, सात वाजता. ताट झाकून ठेवलं नि रेशनच्या रांगेत गेले. विलासभाऊंना सांगितलं होतं, बाबांना अर्ध्या तासात जेवू घाला."

विलास त्यांचा पोटभाडेकरू. बाबा वॉचमन असलेल्या रबाळ्याच्या कारखान्यातच कामाला. तो दार अडवून उभा होता.

"मी ताट पुढं केलं, सिस्टर. पन आज पौर्णिमा ना. उपास हाय, काय खाणार नाय म्हणाले. हिनं आदीच इंजेक्शन ठोकलेलं. आता पोलीस हिलाच धरनार."

रखमा खाटेशी बसून बाबांचा घाम पुसू लागली.

साबिराची नजर भिंतीवरच्या कागदाकडे गेली. अक्षर तिचंच होतं. 'सकाळी सात, संध्याकाळी सात. टोचल्यावर अर्ध्या तासात जेवण. पौर्णिमेला संध्याकाळचं बंद.'

"रखमा, बाबांचं कुणाशी वाकडं होतं?"

"नाही हो. फक्त आज दुपारी कारखान्याचे साहेब यायचे होते. तांब्याची तार कोण पळवतं, ते बाबा त्यांना सांगणार होते."

दारात विलास होता आणि घरात दोन बायका. तरी साबिरा बोललीच.

"बाबांचा उपास त्यांनीच मला समजावलाय, विलास. पौर्णिमेला ते बुद्धविहारात अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत, घेतात. दुपारी बारापर्यंत जेवतात, मग दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. म्हणून तर मी संध्याकाळचं इंजेक्शन बंद केलं. हे औषध झटपट साखर उतरवतं. पोटात अन्न नसेल तर माणूस जातो. हा कागद तू रोज वाचतोस. तुझ्या घरी उपास सकाळपासून धरत असतील, तोच तू बाबांच्या तोंडी घातलास. त्यांनी ताट नाकारलंच नाही, कारण तू ते पुढं केलंच नाहीस. तार तूच पळवतोस."

"पुरावा काय?" विलासचा आवाज थंड होता.

खाट करकरली. बाबांचा हात हवेत चाचपडू लागला.

"विलास," ते पुटपुटले, "रखमा आली का रे? ती गरम भाकर आणतेय म्हणालास, म्हणून थांबलोय."