पाणी नको म्हणणाऱ्या आजी

“हट्टी? ‘हट्टी’ तुला दिसलं कुठे?” मावशीने कागद ढापणीच्या नाकासमोर नाचवला. “डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं. मत नको!”

“अगं, पण त्या खिडकीजवळच्या आजी रोज पाण्याचा पेला ढकलतात!”

“मग ‘पेला ढकलला’ एवढंच लिही.”

मावशी मानसशास्त्र शिकत होती. वृद्धाश्रमात माणसं दिवसभर कशी वागतात, याचं निरीक्षण तिला करायचं होतं. आश्रमाची आणि म्हाताऱ्यांची रीतसर परवानगी होती. सुट्टीत आलेली तीन भाचरं तिची मदतनीस: चष्मेवाली ढापणी, काडीसारखा पहिलवान आणि धाकटं शेंडेफळ.

ढापणीचा जीव मात्र आजोबांपाशी अडकला होता. पाय मोडल्यामुळे बाबांनी त्यांना थोडे दिवस इथे ठेवलं होतं. आला तेव्हा डोक्याने ठणठणीत असलेला माणूस आता नातवंडांची नावं विसरत होता. “वय झालं,” असं म्हणून व्यवस्थापक त्यांना सोमवारी वरच्या मजल्यावर हलवणार होते. त्या मजल्याला बाहेरून कडी होती.

गळ्यात ‘निरीक्षक’ असे बिल्ले अडकवून तिघं भिंतीशी बसली, की कुणाच्याही खाटेजवळची घंटी वाजताच सेवक धावत यायचे.

“काय थाट आहे!” पहिलवान म्हणाला. “मी पण म्हातारा होणार!”

पण त्या दुपारी सामान आवरताना ढापणीने पाहिलं, आजोबा आपलं पाणी कुंडीत ओतत होते.

“आजोबा, हे काय?”

त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. “तुम्ही आहात तोवर पितो गं. तुम्ही गेल्यावर मला लघवीला कोण नेणार?”

ढापणीने धावत जाऊन मावशीला सांगितलं. मावशीचा चेहरा उतरला. “बघणारा दिसला की माणसं वागणं बदलतात. हे मीच वाचलेलं, आणि मीच तुमच्या गळ्यात बिल्ले अडकवले! चला, आखणी बदलायची. लपायचं नाही, खोटं बोलायचं नाही. बिल्ले काढून आजोबांपाशी नुसतं बसायचं.”

तिघांनी पत्ते मांडले. आधी सेवकांनी डोकावून पाहिलं, मग पोरांकडे कोण लक्ष देतंय! खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. त्या आजींना वर नेलं होतं.

आजोबांनी घंटी दाबली. पुन्हा दाबली. कोणी आलं नाही. मग त्यांनी मान खाली घातली. त्यांचं धोतर ओलं झालं होतं. पहिलवानाने हातातले पत्ते खाली ठेवले.

शेंडेफळ सेवकांच्या खोलीत पाणी मागायला गेलं आणि धापा टाकत परतलं. “घंटीच्या तोंडात बोळा कोंबलाय! आणि ते मॅच बघतायत!”

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मावशीने बोलावलेले बाबा आणि डॉक्टर आले. व्यवस्थापक त्यांना दाखवत होते, “ही सेवकांची खोली. चोवीस तास माणूस असतो.”

“मग ऐका हं!” शेंडेफळ म्हणालं. “ताई आत्ता आजोबांची घंटी दाबून बसलीय.”

कसलाच आवाज नाही.

“बिघडली असेल...” व्यवस्थापक पुटपुटले.

शेंडेफळाने स्टुलावर चढून बोळा उपसला. घंटी अशी किंचाळली की बाबांनी कानांवर हात ठेवले! दाखवायचे दात आणि खायचे दात, दोन्ही सगळ्यांना दिसले.

डॉक्टरांनी आजोबांना तपासलं. “यांचं वय झालं म्हणून नव्हे, शरीरात पाणी नाही म्हणून हे सगळं विसरतायत! अजून दोन दिवस गेले असते तर...” मग त्यांनी वरची कडी काढायला लावली.

आठवड्याभरात आजोबा घरी आले आणि त्यांनी पहिलवानाला नावाने हाक मारून पत्त्यांत हरवलंसुद्धा. व्यवस्थापकांची चौकशी सुरू झाली. “शाबास! जे आम्हा मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत,” बाबा म्हणाले.

पण वर नेलेल्या खिडकीजवळच्या आजी वाचल्या नाहीत. ढापणीला शाबासकी घशाखाली उतरेना. तिने पहिल्या दिवसाचा कागद काढला, ‘हट्टी’ खोडलं आणि लिहिलं, ‘आजींना तहान लागली होती.’

“हे डोळ्यांना दिसलं नव्हतं. तरी राहू देऊ का गं?” तिने विचारलं.

मावशीने तिला जवळ घेतलं. “राहू दे,” ती म्हणाली.