इलाहीची जोडीची कॉफी

शिवाजी पेठेत आमच्या तालमीसमोर इलाहीचं कॉफीचं दुकान आहे. तिथं एकट्याला कॉफी मिळत नाही. इलाही दूध तापवतो ते दोघांचंच. एकटं आलेल्यानं पायरीवर उभं राहून रस्त्यावरच्या कुणालाही हाक मारायची. आदल्या दिवशी मैदानावर एकमेकांची डोकी फोडलेली पोरं इथं एका बाकावर बसलेली मी पाहिलीत. शिवाय, हाकेवर येऊन ज्यानं कॉफी घेतली त्यानं हाक मारणाऱ्याला उलट बोलावणं करायचं, आणि त्या बोलावण्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

मी शाळा पाहिली नाही. अक्षरं ह्याच बाकावर पेपरावर बोट ठेवून शिकले. बायकांत इथं पहिली बसले ती मीच, आणि कुणाच्या बापाला विचारून नाही.

एप्रिलात एका दुपारी तीनला पेपर वाचायला गेले. दुकानात इलाहीशिवाय कुणी नव्हतं. समोर तालमीच्या भिंतीला टेकून एक चाळिशीचा माणूस उन्हात उभा होता.

"ओ पावणं! या की जोडीला!" मी पायरीवरून हाक मारली.

आला. बसला. त्याच्याबरोबर ओल्या मातीचा वास आला, खोल खणल्यावर येतो तसा. इलाहीनं दोन कप फळीवर ठेवले आणि पाठ करून पातेलं घासू लागला. कप मी आणले. पंख्याचा वारा माझ्याकडं येत होता, तरी दोन्ही कपांची वाफ त्या माणसाकडं चालली होती.

"गाव कुठलं?"

"हितलाच."

"हितला असता तर मी वळखलं नसतं व्हय?"

"तुमच्या आधीचा हाय..."

मला एक्क्याऐंशी झालीत.

कपाला हात न लावता तो म्हणाला, "आता तुमी यायचं. माझ्याकडं... जोडीला कुनी न्हाय."

मी तोंड उघडायच्या आत इलाही सवयीनं बोलून गेला, "येतो की, पावणं!"

"जीभ आवर, इलाही!" मी उठले. "पावणं, हाक माझी हुती, उलट बोलावनं बी माझंच. त्येच्या दोन लेकी लग्नाच्या हायत. मी येतो. पर आधीच सांगतो, मी लई भांडतो."

तो इलाहीच्या पाठीकडं बघत राहिला. "व्हय तर त्येंनी म्हनलंय..." एवढं बोलून गेला.

इलाही वळला. "गेलं व्हय पावणं? कप तर भरलेलाच."

दुसऱ्या दिवशी तीनला मी इलाहीला बाकावर बसवला आणि त्याचं मनगट धरलं. तो हसत होता. "आक्का, पेठ बघंल की!"

"बघू दे."

एवढ्यात भिंतीकडून हाक आली, "इलाही, ये की जोडीला..."

आवाज माझा होता. माझं तोंड मिटलेलं.

"आलो, आक्का," म्हणत इलाही उठला. मी शेजारी बसलेली, आणि हा रस्त्याकडं ओढतोय. दोन्ही हातांनी धरून मी त्याच्या कानात शिव्या घातल्या, तेव्हा बसला.

त्या दिवसापासून रोज तीनला मी तिथं असते आणि अर्धा तास बोलत राहते. पेपर मोठ्यानं वाचते, पेठेची उणीदुणी काढते, म्हणजे इलाहीला खरी आक्का कुठली ते कळावं. लोक म्हणतात, म्हातारीला चळ लागला. म्हणू देत.

काल माझा घसा बसला होता. शब्द फुटेना. मी नुसतं त्याचं मनगट धरून बसले होते.

आणि इलाही रस्त्याकडं बघत अर्धा तास मान डोलवत होता, "व्हय, आक्का... व्हय..."