तू बोलल्यानंतर

मंगळवारी सकाळी साडेनऊला सुनावणी सुरू झाली. लिथुआनियाचे वकील उठले, त्यांनी अंगावरचा झगा सारखा केला, घसा खाकरला... आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच त्यांचं पहिलं वाक्य नेझाच्या कानात फ्रेंचमध्ये येऊन पोचलं.

"नवऱ्याला 'राहा' म्हणण्याचा हक्क या बाईला कुणी दिला, एवढाच प्रश्न आहे."

नेझा कोबाल युरोपीय संघाच्या या न्यायालयात स्लोव्हेन दुभाषी होती. तिला लिथुआनियन येत नव्हतं. फ्रेंच खोलीतला दुभाषी लिथुआनियन ऐकून फ्रेंच बोलायचा, तेच कानात घेऊन ती स्लोव्हेनमध्ये सांगायची. सवयीने तिने ते वाक्य सांगून टाकलं. तिचं संपलं तेव्हा कुठे वकिलांनी बोलायला सुरुवात केली.

शेजारी बसलेल्या सहकारी ब्रांकाने माइक बंद केला. "काय गं, वकिलाच्या पुढे पळतेयस?"

"मी नाही, फ्रेंच पळतंय."

नेझाने समोर पाहिलं. सभागृहाभोवती दुभाष्यांच्या काचेच्या खोल्यांची रांग होती. पूर्वी संघात सहा देश होते तेव्हा चार भाषांत भागायचं. आता देश सत्तावीस आणि भाषा चोवीस. फ्रेंच खोलीच्या काचेत बाहेरचं धुकं उतरलं होतं. त्यामागे एक वाकलेली मान दिसत होती — आणि तो आवाज. कानाशी अगदी जवळ... जणू तिच्या एकटीसाठीच.

खटला साधा होता. काही वर्षं आयर्लंडमध्ये नोकरी करून लिथुआनियात आपल्या गावी परतलेली एक शिक्षिका. तिचा नवरा संघाबाहेरच्या देशातला. त्याने देश सोडावा, असं सरकारचं म्हणणं. संघाचा करार देशादेशांत झाला असला तरी त्यातून माणसालाही थेट हक्क मिळतो, हे याच न्यायालयाने १९६३ साली सांगितलं होतं. देशाचा कायदा आणि संघाचा कायदा यांची टक्कर झाली तर संघाचा वरचढ, हे त्याच्या पुढच्या वर्षी. शिक्षिकेचे वकील त्याच दोन निकालांच्या पायावर उभे होते. दुपारी निकाल राखून ठेवण्यात आला.

कॉफीच्या यंत्रापाशी फ्रेंच खोलीतला तो दुभाषी दोन कप घेऊन उभा होता. उंच, जरा थकलेला, डोळे मात्र मिश्कील. तिबो लांबेर, बेल्जियमच्या आर्लोंचा. आई लिथुआनियातल्या विल्नियसची, म्हणून लिथुआनियन आणि पोलिश घरचीच.

"घ्या. बिनसाखरेची."

"मला साखर लागत नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. आत्ता सांगणार होता."

ती हसली आणि तिने कप घेतला. "सगळ्यांच्याच पुढे पळता, की फक्त वकिलांच्या?"

"तुमच्या पुढे पळून काय करू? तुमच्यासाठी थांबावंसं वाटतं." तो जरा अडखळला. "आपण हे अहो-जाहो सोडू या का?"

"अशा गोष्टींना एकमत लागतं."

"दोनच सदस्य आहेत. लवकर होईल."

"मला नकाराधिकार आहे, विसरू नका."

"वापरणार आहेस?"

 तिने कॉफी शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

मग ते रोज भेटू लागले. धुक्यात पुलापर्यंत चालत जायचे. ती म्हणायची, "सदस्य व्हायचं तर आधी अर्ज कर, मग वाटाघाटी." तो विचारायचा, "किती वर्षं?" ती म्हणायची, "काही देश अजून संघाच्या दारातच उभे आहेत, बाबा." तो मोठ्याने हसायचा... आणि कधी कधी तिचा विनोद संपायच्या आधीच हसायचा.

सुनावणीत त्याचा आवाज हळूहळू आणखी पुढे सरकला. आधी एक वाक्य, मग दोन, मग तीन. तंत्रज्ञांनी यंत्रं दोनदा तपासली. दोष निघाला नाही.

नोव्हेंबरात एका पोलिश वकिलाची बाजू चालू होती. गडी खुशीत होता, हातवारे करत होता. नेझाच्या कानात तिबो म्हणाला, "क्षमा असावी, मला बसावं लागेल." नेझाने ते पुढे न सांगता खाली पाहिलं. खाली वकील अजून हसत होता. मग त्याने टेबलाची कड धरली, चेहरा पांढरा पडला आणि तो म्हणाला, "क्षमा असावी, मला —" पुढचं बोलण्याआधीच तो कोसळला.

वकील वाचला. तिबोने त्याच संध्याकाळी राजीनामा दिला.

"मी बोललो म्हणून तो पडला, की तो पडणार म्हणून मी बोललो?" पुलाच्या कठड्याशी तो तिला विचारत होता. "न्यायालय आहे हे, नेझा. इथे माणसाच्या तोंडी शब्द घालणारा नको. शुक्रवारी आईकडे जातोय. कायमचा."

"आणि मी?"

तो कठड्यावर रेलला. "काल दाढी करताना तुझा आवाज ऐकला. स्लोव्हेनमध्ये. मला कळत नाही ती भाषा. आणि त्याच्यानंतर... काहीच नाही. नळ वाहत होता, त्याचाही आवाज नाही. बराच वेळ."

"काय म्हणत होते मी?"

त्याने ते सूर जसेच्या तसे म्हणून दाखवले. उच्चार मोडके होते, पण ती तिचीच लकब होती. तिला अर्थ लगेच लागला. *जाऊ नकोस. माझ्याजवळ राहा.*

"काही नाही रे," ती म्हणाली, "थंडीबद्दल आहे."

तिचं सगळं त्या वाक्यावर येऊन अडलं होतं. म्हणावं, तर त्यापुढची ती शांतता. न म्हणावं, तर तो विल्नियसला सुखरूप — आणि तिच्याशिवाय. तिने ब्रांकाला सगळं सांगितलं. ब्रांका एवढंच म्हणाली, "तुझ्या जागी मी असते तर तोंडात रुमाल कोंबला असता."

शुक्रवारी ट्रामच्या थांब्यावर धुकं इतकं दाट होतं की रूळ दोन पावलांवर संपत होते. तिबोच्या हातात एक बॅग. नेझाचे ओठ घट्ट मिटलेले. ट्राम आली, दारं उघडली. तो पायरीवर चढला आणि वळला.

"थंडीबद्दल नव्हतं ना ते?"

तिने मान हलवली. नाही.

"मग म्हण."

"तिबो, त्याच्यानंतर काय आहे ते —"

"माहीत नाही मला. पण सगळ्यांचं सगळं मी आधीच ऐकत आलोय, नेझा. तुझं एक वाक्य तरी मला वेळेवर ऐकू दे... तू बोलल्यानंतर."

तिने ते म्हटलं.

तो ऐकत राहिला. चेहरा एकदम सैल झाला, लहान मुलासारखा. त्याने बॅग खाली उतरवली आणि बॅगेमागोमाग स्वतः उतरला. मागे ट्रामची घंटा वाजली, जोरात, दोनदा. नेझा दचकली. तो वळलाही नाही. त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने.

तिबो आता नेझाच्याच घरी राहतो. तीन डॉक्टरांनी तपासलं. कानात दोष नाही, पण त्याला ऐकू येत नाही. ओठ बघून तो स्लोव्हेन शिकतो आहे. फ्रेंच खोलीत दुसरा माणूस बसतो. शिक्षिकेच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही.