जुन्या पत्त्यावरची खुर्ची

तो दुकानात शिरला तोच मुळी खुर्चीच्या आडून. आधी चार पाय आत आले, मग फाटकी बैठक, आणि त्या बैठकीच्या भोकातून एक चेहरा... चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, केस कपाळाला चिकटलेले, आणि ओठांवर असे हसू, की खुर्ची फाटणे ही जणू मोठी मौजेची गोष्ट असावी.

“बसलो आणि खाली गेलो,” तो म्हणाला.

तिने टबातून हात बाहेर काढले. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत पडल्या होत्या. भिजल्यावाचून वेत वळत नाही, म्हणून तिची सकाळ नेहमी ओल्या हातांनीच सुरू होई.

“एकटेच बसला होतात?”

“एकटाच. दुसरं कुणी बसलेलं असतं, तर निदान सांगायला कारण तरी झालं असतं.”

टेबलामागून आत्याने घसा खाकरला. दुकान आत्याचे होते, आणि आत्याने घसा खाकरला की गिऱ्हाइकाने कामाचे बोलावे, हा तिथला शिरस्ता होता. आईवडिलांमागे भाचीला तिनेच वाढवले, वेत विणायला तिनेच शिकवले आणि हसायचे कधी नाही हेही तिनेच शिकवले. त्यातले शेवटचे मात्र भाचीच्या अंगी लागले नाही.

तो कामाचे बोलणार, एवढ्यात त्याची नजर खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर गेली आणि तिथेच राहिली.

“म्हणजे... ‘चार पाय’ तुम्ही आहात?”

“मला दोनच आहेत.”

“ब्लॉग म्हणतोय मी. न्हाव्याच्या खुर्चीवरचा तो लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना दाढी करायची राहून गेली.”

ती लाजली नाही, निदान तिला तसे वाटले. कान मात्र गरम झाले. दुरुस्तीला येणाऱ्या खुर्चीवर कोण कोण बसून गेले असेल याची गोष्ट ती दर गुरुवारी लिहीत असे. वाचणारे बरेच होते. पण वाचणारा असा समोर, हातात फाटकी बैठक धरून, आजवर उभा राहिला नव्हता.

“वाचून घ्या लवकर,” ती म्हणाली. “ज्या कंपनीच्या जागेवर ब्लॉग आहे, ती कंपनीच बंद होतेय. महिनाअखेर सगळे ब्लॉग पुसणार म्हणे. सकाळपासून त्यांचं पत्र वाचतेय आणि काही म्हणजे काही कळत नाहीये.”

त्याने खुर्ची खाली ठेवली. दुसऱ्यांच्या वेबसाइट ज्या कॉम्प्युटरांवर चालतात, ते कॉम्प्युटर चालते ठेवणे हा त्याचा धंदा होता.

“हे बघा. आत्ता तुमचा ब्लॉग थिएटरातल्या खुर्चीत बसलाय. गादी त्यांची, हात टेकायची जागा त्यांची. दिवे लागले की उठायचं. मी म्हणतो, स्वतःची खुर्ची आणा.”

“आणि ती मोडली तर?”

“तर मी आहे,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच गोंधळला. “म्हणजे... दुरुस्तीला.”

आत्याने पुन्हा घसा खाकरला.

असे त्याचे येणेजाणे सुरू झाले. दुपारी काम आटोपले की तो येई, खिडकीशी स्टूल ओढी आणि कॉम्प्युटरशी बोलू लागे. आत्याने त्याचे नाव तारवाला ठेवले. एका छोट्याशा भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे सदोदित जागा राहणाऱ्या कॉम्प्युटरवर, तिच्या ब्लॉगची नवी जागा तयार होत होती. तो समजावून सांगे आणि ती मान हलवी. खरे सांगायचे तर तिच्या डोक्यात काही शिरत नव्हते. डेटाबेस म्हणजे काय हे तो पेन्सिलीने हवेत काढून दाखवी, तेव्हा ती पेन्सिलीकडे पाही. आणि चष्मा वर सरकवायला तो तीच पेन्सिल वापरतो, एवढेच तिच्या लक्षात राही.

तीही त्याची बैठक विणत होती. उभे वेत ओढून झाले, आडवे झाले, आता तिरके सुरू होते. हे काम दोन दिवसांत उरकणारी ती हल्ली दिवसाला चार भोके पुढे सरके.

“तारवाल्याची खुर्ची अजून व्हायचीये का?” आत्याने एकदा विचारले.

“वेत चांगला नाहीये, आत्या.”

“वेताला काही झालेलं नाही,” आत्या म्हणाली आणि दूध आणायला निघून गेली.

एका बुधवारी त्याने पेन्सिल कानामागे अडकवली आणि गंभीर चेहरा केला.

“आज सगळ्याची नक्कल उतरवून घेतली. आता मी सांगेपर्यंत नवं काही लिहायचं नाही. लिहिलंत तर ते जुन्या जागीच राहील.”

“कळलं.”

“उद्या पत्ता बदलतो. पण ती बातमी सगळीकडे एकदम पोहोचत नाही. दोन दिवस कुणाला जुना ब्लॉग दिसेल, कुणाला नवा. पत्ता तोच टाकायचा आणि घरं दोन उघडायची. गोंधळ होईल, घाबरू नका.”

“कळलं,” ती म्हणाली. त्याच्या डाव्या भुवईत एक लहानशी खूण होती. ती कशाने झाली असावी, याचा ती विचार करीत होती.

आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार उजाडला.

गुरुवार तिने आजवर चुकवला नव्हता. तापातही लिहिले होते. शिवाय त्याची खुर्ची पूर्ण झाली होती, खिडकीशी उभी होती, आणि ऊन जाळीतून गळून फरशीवर अष्टकोन पाडीत होते. लिहायचे नाही हे तिला आठवत होते. का नाही, ते आठवत नव्हते. तिने लिहिले. कोण बसून गेले असेल ते या वेळी लिहिलेच नाही; कोण बसते ते लिहिले. शेवटी हात क्षणभर थांबला, आणि मग न थांबता पुढे गेला: ‘या खुर्चीच्या मालकास कळवायचे ते एवढेच. खुर्ची तयार आहे, परंतु ती या खिडकीशी शोभते. त्यांनी नेली नाही तर दुकानाची हरकत नाही. विणणारीची तर मुळीच नाही.’

बटण दाबले आणि मग तिने तोंड दोन्ही हातांनी झाकले.

शुक्रवारी तो आला तो नवा शर्ट घालून. दारातच थबकला. ती टबात हात घालून वेत ढवळू लागली. ढवळण्यासारखे त्यात काहीही नव्हते.

“ब्लॉग... नीट दिसतोय ना?” त्याने विचारले.

“दिसतोय. तुम्हाला?”

“मलाही. अगदी छान.”

“सगळं पाहिलंत?” तिने टबाला विचारल्यासारखे विचारले.

“वरपासून खालपर्यंत. तुम्ही?”

“मी रोजच पाहते.”

“हो... ते आहेच.” त्याने पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. “मग? तुम्हाला काही बोलायचंय?”

एवढे सगळे वाचून हा माणूस उभा आहे, आणि वर मलाच विचारतो!

“बोलायचं ते तिथे आहे की,” ती म्हणाली.

“हो. तिथेच आहे,” तो हळूच म्हणाला.

मग त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“मग... नेऊ का ही?”

असे विचारतात कुठे? न्यायची नसेल तर माणूस विचारतो का? तिला काही म्हणजे काही उमजेना. लेख वाचून कुणी खुर्चीला हात घातला, तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो अर्थ सभ्यपणाने झेलायचा असतो.

“तुमची आहे,” ती म्हणाली. “न्या.”

तो उगाचच हसला. या हसण्यात पहिल्या दिवसाची मौज नव्हती. खुर्ची त्याने खांद्यावर घेतली, दाराशी एकदा वळला, काही बोलणारसे वाटले... पण आत्या समोर होती. गेला.

तिने नवी पट्टी घेतली, ती मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली.

“तिसरी घेऊ नकोस,” आत्या म्हणाली. “वेत फुकट येत नाही. काय झालंय?”

“काही नाही.”

“बरं. काही नाही, तर मग हे काय आहे ते सांग.” आत्याने फोन हातभर लांब धरला. ब्लॉगवर कोण काय बोलते ते दुकानाच्या मालकिणीला ठाऊक असले पाहिजे, असे तिचे मत होते. “तारवाल्याने लिहिलंय. न्हाव्याच्या खुर्चीखाली.”

“तिथे कुणाचंच काही नाहीये, आत्या. मी सकाळीच पाहिलं.”

“मी चष्मा लावलाय, पोरी. ऐक. ‘नव्या जागेतली पहिली प्रतिक्रिया माझी असावी, म्हणून लिहितो. काम संपले, आता दुपारी यायला मला निमित्त उरले नाही. खुर्ची न्यायला येईन, तेव्हा फक्त राहू द्या म्हणा. मग मी काम नसतानाही येईन. न्या म्हणालात, तर नेईन आणि पुन्हा त्रास देणार नाही.’” आत्याने फोन खाली केला. “आणि तू काय म्हणालीस, ते मी या कानांनी ऐकलंय.”

ती कॉम्प्युटरकडे धावली. पान पुन्हा उघडले. न्हाव्याच्या खुर्चीखाली काही नव्हते. सगळ्यात वर तिचा गुरुवारचा लेख होता.

“पण माझा लेख... तो तर त्यांनी वाचला!”

“कुठला लेख? इथे न्हाव्याची खुर्चीच सगळ्यात वर आहे. म्हटलं, पोरीने पहिल्यांदाच गुरुवार चुकवला.”

तिने आत्याच्या फोनकडे पाहिले, मग कॉम्प्युटरकडे, पुन्हा फोनकडे. पत्ता तोच, घरे दोन. तो बोलत होता आणि ती भुवई पाहत होती! त्याने नव्या घरात विचारले होते, तिने जुन्या घरात सांगून टाकले होते, आणि दोघेही आपापल्या घरी उत्तराची वाट पाहत बसले होते.

“आत्या, मी...”

“हात पुस आणि जा,” आत्या म्हणाली. “खांद्यावर खुर्ची घेतलेला माणूस फार लांब जात नाही.”

तो खरोखरच लांब गेला नव्हता. बसच्या थांब्यावर, फुटपाथच्या मधोमध, तो आपल्या खुर्चीत बसला होता. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते. पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती.

“बसवाला खुर्ची घेईना,” ती समोर येताच तो म्हणाला. “म्हणाला, बसमध्ये खुर्च्या आहेत.” मग तिचे ओले हात, धापा टाकणे त्याच्या ध्यानात आले आणि तो ताडकन उठला. “बसा ना.”

ती बसली. स्वतःच्या विणीवर ती प्रथमच बसत होती. वीण घट्ट होती.

“तुम्ही लिहायचं नाही म्हणाला होतात,” ती म्हणाली, “आणि मी लिहिलं. बुधवारनंतर. म्हणजे गुरुवारी.”

तो तिच्याकडे पाहतच राहिला. चष्म्यावर थेंब जमत होते.

“जुन्या जागी?”

“जुन्या जागी. तुमचं मला दिसत नव्हतं. आत्याच्या फोनवर होतं. मला वाटलं तुम्ही माझं वाचलंत, आणि वाचून खुर्ची उचललीत.”

“मला वाटलं तुम्ही वाचलंत आणि ‘न्या’ म्हणालात.” तो थांबला. “काय लिहिलं होतं? थांबा, ते हलवता येईल, मी लॅपटॉप...”

“हलवू नका.”

“अहो, ती जागा पुसली जाईल.”

“जाऊ दे. दुसऱ्या कुणासाठी नव्हतंच ते.” तिने जाळीची कड चाचपली. बोलणे लिहिण्याइतके सोपे नव्हते. इथे बटण दाबून तोंड झाकता येत नव्हते. “खुर्ची... राहू द्या.”

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला. शर्ट ओला होता, त्यामुळे चष्मा आणखीच धूसर झाला.

“नीट दिसत नाहीये मला,” तो म्हणाला. “पण ऐकू आलं. पुन्हा एकदा म्हणाल?”

“राहू द्या. खुर्ची राहू द्या आणि तुम्हीही... दुपारचे येत जा. काम नसलं तरी.”

बस आली, थांबली, कुणी चढले नाही म्हणून निघून गेली.

“उठा, उठा,” तो एकदम म्हणाला. “वेत भिजतोय. एवढं विणलंत, ढिलं पडेल.”

“भिजू द्या,” ती म्हणाली आणि जागची हलली नाही. “भिजून वाळला की तो जास्त ताठ बसतो. तुम्हाला शिकवावं लागेल सगळं.”

“कळलं,” तो म्हणाला. त्याला काही कळलेले नव्हते. तो तिच्या कानाशी अडकलेल्या थेंबाकडे पाहत होता.