अजून थोडं मागे

गुरुवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते. त्या दिवशी मी अँटेना बसवायची कामं घेतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शहरात केबल आल्यापासून गिऱ्हाईक आटलंय. पण धायरी, कात्रज, त्या बाजूला अजून तारा पोचलेल्या नाहीत. तिथल्या लोकांना अँटेनावरचं फुकटचं दूरदर्शनच बरं.

भाद्रपदातला गुरुवार होता. अँटेनाच्या नळ्या सुतळीने बांधून, काखेत धरून, हडपसरहून दोन बस बदलत मी धायरीला उतरलो. गावाच्या मागे बाजरीच्या रानात प्लॉटचे दगड रोवलेले होते आणि त्यात एकच बंगला उभा होता. वारा पडलेला. ढग इतके खाली आलेले की सिंहगड दिसत नव्हता. एरवी मी गडावरचा दूरदर्शनचा मनोरा डोळ्यांनी हेरतो आणि अँटेनाचं तोंड तिकडे करतो, पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी गड जणू जागेवरच नव्हता.

दार एका बाईंनी उघडलं. पस्तिशीच्या असतील. काही न बोलता त्यांनी पाणी आणून दिलं आणि आत गेल्या. घरात ओल्या गिलाव्याचा वास कोंडला होता.

"आपण तीनला येणार होतात. सव्वातीन झाले," आतून म्हातारा आवाज आला. घराचे मालक, तात्याराव. पोस्टातून निवृत्त झालेले, मूळचे शहरातल्या पेठेतले.

"बस चुकली, काका."

"बस चुकत नाही. माणसं चुकतात." मग त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "ती पद्मजा, माझी सून. तिला काही विचारू नका. चार वर्षं बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही."

मी मान हलवली आणि कामाचं ठरवून घेतलं. गड दिसत नाही म्हणजे अँटेनाचा पाइप हातात धरून गच्चीभर फिरावं लागणार. जिथे चित्र सापडेल तिथेच पाइप बसवायचा. तात्यारावांनी टीव्हीसमोर उभं राहायचं आणि खिडकीतून ओरडून सांगायचं.

गच्चीला तीन बाजूंनी कठडा होता. पूर्वेकडे तो बांधायचाच राहिलेला. विटांची एक ओळ रचून कुणीतरी काम सोडून दिलेलं. मी ते पाहून ठेवलं. इतकी वर्षं छपरांवर चढतोय, मला कडा पाहायची सवय आहे. वायर खाली सोडली, पाइप उभा धरला, तोंड गडाच्या अंदाजाने वळवलं.

"आलं का?"

"मुंग्या आहेत नुसत्या!" तात्याराव ओरडले.

थोडं वळवलं. पुन्हा विचारलं. खालून फक्त टीव्हीची खरखर येत राहिली. आणि मग एक बाईचा आवाज आला. स्वच्छ, तरणा, हसरा.

"अहो, आवाज आला! चित्र नाही अजून. थोडं मागे घ्या ना."

मला बरंच वाटलं. म्हटलं, शेजारची कुणी आली असेल. शेजार कुठे होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी पाइप धरून मागे सरकलो.

"हां... आता दिसतंय. माणसं दिसतायत. अजून थोडं मागे."

नजर अँटेनावर होती, कान खाली. तो आवाज असा होता की माणसाने ऐकावंच. घरचं माणूस बोलावतं तसा. मी सरकलो.

"अजून... अजून थोडं मागे... एकच पाऊल, अहो..."

टाचेला वीट लागली आणि कलंडली. ती खाली पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला, असं मला वाटलं. त्याच क्षणी कुणीतरी माझा शर्ट छातीवर मुठीत पकडला आणि मला आत ओढलं.

पद्मजावहिनी होत्या. अनवाणी, धापा टाकत. पाइप माझ्या हातून निसटून आडवा पडला होता. त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते. खालून तो आवाज अजून येतच होता...

"अजून थोडं मागे..."

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याही ऐकत होत्या. मग आवाज थांबला आणि नुसती खरखर उरली.

मी पळून जायला हवं होतं. पण वहिनींनी पडलेल्या पाइपकडे बोट केलं आणि हात जोडले. मी बसूनच काम केलं. कुणाला काही विचारलं नाही. पाइप जिन्याच्या भिंतीला आवळला, तोंड अंदाजाने फिरवलं. तेवढा वेळ त्या माझा शर्ट मागून धरून उभ्या होत्या.

खाली आलो तर चित्र आरशासारखं स्वच्छ. तात्याराव टीव्हीसमोर तसेच उभे होते, कपाळ घामाने भिजलेलं.

"कोण बोलत होतं, काका?"

"माझा मुलगा, बाळ, याच गच्चीवरून पडून गेला. अँटेना लावत होता. ही इथे उभी राहून त्याला सांगत होती. त्या दिवसापासून हिचा आवाज बंद झाला." ते खुर्चीत टेकले. "म्हणजे... हिच्या तोंडातून बंद झाला."

"तुम्ही ऐकलंत?"

"माझ्या खांद्याजवळून येत होता. पाय उचलेनात माझे."

"आणि मला आधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर आपण चढला असतात?" ते पुटपुटले. "टीव्ही चालू असला की घरात दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून हवा होता."

मी हत्यारं गोळा केली आणि निघालो. वहिनी फाटकापर्यंत आल्या. काही म्हणावं असं त्यांच्या मनात होतं, पण ओठ हलले नाहीत.

हे झालं महिन्यापूर्वी. परवा स्वारगेटच्या स्टँडवर तात्याराव भेटले. मी टाळणार होतो, त्यांनीच हाक मारली. फार खंगलेत.

"पद्मजा बोलायला लागली," ते म्हणाले. "आपण गेलात त्याच संध्याकाळपासून."

"छान झालं की, काका! मग आता तो आवाज..."

"तो गेला. खालून काही येत नाही." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "आता वरून येतो. रोज सव्वातीनला. गच्चीवरून कुणीतरी विचारतं, आलं का?"

"तुमचा मुलगा?"

"बाळचा आवाज मी ओळखणार नाही? त्याचा नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आपला आहे."

ते जवळ सरकले.

"पद्मजा खालून 'थांबा, थांबा' म्हणून ओरडते. घसा बसलाय तिचा. मी वर जाऊन पाहतो, तर कुणी नसतं. पण आवाज ऐकत नाही. पहिल्या दिवशी जिन्यापाशी होता. रोज एकेक पाऊल पूर्वेकडे सरकतोय."

त्यांची बस आली. ते चढले, खिडकीपाशी बसले. किती पावलं उरली आहेत, एवढंच मला विचारायचं होतं. ते माझ्याकडे पाहत होते, मला वाटतं सांगणारही होते. पण मी विचारलं नाही.