कुंपणावरची काळी रेघ

"माझ्या बाबांना मारू नका!" माफाल्दा किंचाळली.

पण फोरमन गोतार्दोचा दुसरा तडाखा बसलाच. रखवालदार नाझारेनोचा ओठ फुटला. हनुवटीवरून रक्त ओघळलं.

"तीन दिवसांत तीन आगी! तुझ्या सिगारेटशिवाय इथे आग लावणारं आहेच कोण?" गोतार्दो गरजला. "पोलीस निघालेत. आता जा तुरुंगात!"

ऑगस्टची सुट्टी होती. लेको गावातला अख्खा कारखाना बंद, कामगार समुद्रावर. आवारात फक्त नाझारेनोचं घर आणि रेडिओ दुर्बिणीची भलीमोठी नवी तबकडी. तिचे आरशासारखे पत्रे घासून त्यांची चकाकी घालवायचं काम राहिलं होतं. पण सुट्टी म्हणजे सुट्टी! "आल्यावर बघू," म्हणत गोतार्दोने ती तशीच उन्हात तिरपी उभी करून ठेवली होती. आज गॅसची नळकांडी उतरवून घ्यायला तेवढा तो आला होता.

माफाल्दाने मावसभाऊ तात्सिओला आणि धाकट्या इल्देला कुंपणाकडे ओढलं.

"बाबांनी सिगारेट सोडून वर्ष झालं. पोलीस यायच्या आत खरा चोर शोधायचा!"

"ताई, इथे बघ!" इल्दे ओरडली. लाकडी कुंपणावर सरळ काळी रेघ जळत गेली होती.

"सिगारेटने कुणी पट्टी लावून रेघ मारतं का?" तात्सिओ म्हणाला.

"पहिली आग बाराला, या टोकाला," माफाल्दा म्हणाली. " कालची साडेबाराला, तिथे पुढे. तात्सिओ, आग चालतेय!"

"पाय आहेत का तिला?" म्हणत त्याने माफाल्दाची गवती टोपी हिसकावून रेघेच्या दिशेने भिरकावली.

भप्प! टोपी हवेतच पेटली!

"माझी नवी टोपी!"

"टोपी गेली, चोर सापडला!" तात्सिओ नाचायलाच लागला. "तबकडी! ऊन गोळा करून कुंपणावर सोडतेय! सूर्य सरकतो तशी आगही सरकते!"

माफाल्दा मात्र पांढरीफटक पडली. रेघेच्या पुढे, कुंपणाला टेकून, गॅसची नळकांडी उभी होती. फळ्या धुमसू लागल्या होत्या.

"पळा! गोतार्दोकाका, नळकांडी!"

"अच्छा! म्हणजे कारटी काड्या लावतात!" गोतार्दोने तात्सिओची गचांडी धरून त्याला जमिनीवर आपटलं. इल्देने गोतार्दोच्या मनगटात दात रोवले. तो बोंबलला, तिला झटकून कुंपणाकडे धावला...

धडाम्!

टोकाचं छोटं नळकांडं फुटलं. फळ्यांच्या ढलप्या सुऱ्यांसारख्या उडाल्या. गोतार्दो कपाळ फुटून कोसळला. त्याची बाही पेटली. ज्याला त्याने आत्ताच बडवलं होतं, तोच नाझारेनो धावला, आणि त्याने स्वतःच्या हातांनी आग विझवून त्याला फरफटत बाहेर काढलं.

"अजून पाच आहेत!" माफाल्दा ओरडली. "चिखल आणा!"

टोमॅटोच्या वाफ्यातला ओला चिखल बादलीत भरून तिघं तबकडीच्या बाजूला धावली.

"नको! केसाचाही फरक चालत नाही त्या पत्र्यांना!" गोतार्दो कण्हला.

"आणि आमचे बाबा मेलेले चालतात?"

फच्च! फच्च! बादलीमागून बादली! चकाकी विझली, कुंपणावरचं ते जळजळीत ऊन मावळलं. नाझारेनोने पाण्याचा पाइप धरून नळकांडी गार केली.

पोलिसांच्या पाठोपाठ मुख्य इंजिनीअर तेर्सिलाबाई आल्या. चिखलाने माखलेली तबकडी बघून त्या थबकल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," माफाल्दा पुढे झाली. तिने काळी रेघ दाखवली, सगळं सांगितलं.

बाईंनी रेघेवरून तबकडीपर्यंत नजर नेली. मग गोतार्दोकडे वळल्या. "चिखल धुऊन निघेल. पण न घासलेली तबकडी उन्हात ठेवायची नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. ते या मुलांना कळलं, तुम्हाला नाही! आधी नाझारेनोची माफी मागा. सगळ्यांदेखत."

रक्ताळलेल्या फडक्याखालून गोतार्दो पुटपुटला, "चुकलो मी, नाझारेनो."

"मोठ्याने, काका! ऐकू आलं नाही!" इल्दे म्हणाली. पोलीससुद्धा हसले.

"रखवाली करावी तर या तिघांनी!" बाईंनी तिघांच्या चिखलाळ पाठी थोपटल्या.

माफाल्दा फ्रॉकच्या टोकाने बाबांचा ओठ पुसत होती. इतका वेळ न रडलेली ती आता हुंदके देऊ लागली.

"अगं, आता कशाला रडतेस? जिंकलो ना आपण!" तात्सिओ म्हणाला.

"गप रे!" ती म्हणाली, आणि बाबांच्या फोड आलेल्या हातांवर हळूच फुंकर घालू लागली.