पातेलं केवढं?

एक वाटी तांदळाचा भात करायला दोन वाट्या पाणी लागतं. तर छत्तीस वाट्या तांदळाला किती पाणी लागेल?

थांबा, थांबा! बहात्तर म्हणून मोकळे झालात ना? मला ठाऊकच होतं. वाईट वाटून घेऊ नका, भलेभले बहात्तरच म्हणतात. पण घोडेसरीच्या पठारावर राहणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलीनं या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. तिनं उलटा प्रश्न विचारला, आणि तेवढ्यापायी तिच्यावर आईबाबांना सोडून वसतिगृहात जायची पाळी आली होती.

तिचं नाव कृत्तिका खैरमोडे. पण सगळे तिला 'किती' म्हणायचे. बोलायला लागल्यापासून पोरीच्या तोंडी तोच एक शब्द. मुंगीचं वजन किती? ढग किती उंच? शिंक किती लांब जाते? विचारून विचारून ती समोरच्याला हैराण करून सोडायची.

कितीची आई पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या पथकाची प्रमुख होती, आणि बाबा त्या पथकाची खानावळ चालवायचा. एका डोंगरावरचं काम संपलं की सगळं बिऱ्हाड दुसऱ्या डोंगरावर. तीन वर्षांत कितीच्या पाच शाळा झाल्या. शेवटी बाबा म्हणाला, "पुरे झालं! आता शाळाच आपल्याबरोबर फिरेल." तेव्हापासून खानावळ हीच कितीची शाळा. अपूर्णांक ती भाकरीच्या चतकोरावर शिकली. तरफ (थोड्या जोरात मोठं काम करून देणारा दांडा) म्हणजे काय, ते तिला अडकित्त्यानं सुपारी फोडताना समजलं. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो हे पाहून तिनं आठवडाभर घरातल्या सगळ्या वस्तू हळदीच्या कागदावर घासून पाहिल्या. बाबाच्या दाढीचा साबणसुद्धा सुटला नाही.

आता हे सन दोन हजार एकसष्ट. घरशाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते, आणि ती करायला येतो यंत्रमानव. त्या दिवशी सकाळी नऊला तो चार पंख्यांवर घरघरत अंगणात उतरला. पंखे पाठीत मिटले, खालून तीन चाकं बाहेर आली, आणि तो थेट स्वयंपाकघरात शिरला.

"मी तपासनीस बारा. येण्यास लागलेला वेळ, वीस मिनिटे. वीस प्रश्न विचारण्यात येतील. पंधरा उत्तरे बरोबर आल्यास घरशाळा सुरू राहील. अन्यथा विद्यार्थिनीस निवासी शाळेत दाखल करण्यात येईल."

"बसा ना, तपासकाका," किती म्हणाली.

"माझा उल्लेख काका असा करण्याची तरतूद नाही."

एकोणीस प्रश्न झाले तेव्हा कितीचे चौदा गुण होते. पाच गेले ते देशोदेशींच्या राजधान्यांमध्ये. राजधान्या काही फडताळात सापडत नाहीत, आणि बाबाचंही त्या बाबतीत यथातथाच होतं. म्हणजे सगळी मदार विसाव्या प्रश्नावर आली. तो कोणता होता, ते तुम्हाला माहीतच आहे.

प्रश्न ऐकून कितीनं मांडणीवरच्या भांड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पातेलं केवढं?"

"प्रश्नात पातेल्याचा उल्लेख नाही."

"मग भात शिजवायचा कशात? ओंजळीत?"

कोपऱ्यात बाबाला ठसका लागला. तपासनीसाच्या पोटातून टिकटिक आवाज आला. "अपेक्षित उत्तर, बहात्तर. दिलेले उत्तर, पातेलं केवढं. शेरा, चूक."

वसतिगृह! तिथून आई दिसणार नाही, बाबाची फोडणी नाही, आणि 'किती?' विचारायचं तरी कुणाला? कितीचे डोळे भरून आले. पण रडण्याआधी तिला राग आला, आणि हे एका अर्थी बरंच झालं.

"चूक कसं? बाबा रोज छत्तीस माणसांचा भात करतो. तो कधीच बहात्तर वाट्या पाणी ओतत नाही!"

"मग किती ओततात?"

"ते... तो आधी पातेलं काढतो. मग नजरेनंच ओततो."

"नजरेची नोंद करण्यासाठी रकाना नाही," तपासनीस म्हणाला. "मात्र नियम एकोणतीसनुसार हरकत घेता येते. उत्तर प्रयोगाने सिद्ध करावे लागेल. पालकांनी मौन पाळावे."

बाबानं निमूटपणे तोंडावर हात ठेवला. बडबड्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही! त्यात त्याला आपण कमी पाणी का घालतो हे नेमकं सांगताही आलं नसतं. हाताला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं.

दुपारी एक वाजता आईसकट छत्तीस माणसं जेवायला येणार होती. सकाळपासून पवनचक्कीचं पातं चढवत होती बिचारी. आजचा भात बिघडला तर सगळ्यांची उपासमार. किती ओट्याकडे बघत राहिली. काहीतरी मोजायला हवं होतं. पण काय?

तिनं एकसारखी तीन पातेली काढली, वीतभर तोंडाची. पहिल्यात एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी. दुसऱ्यात दोन वाट्या तांदूळ आणि चार वाट्या पाणी. तिसऱ्यात चार वाट्या तांदूळ आणि आठ वाट्या पाणी. मग प्रत्येक पातेलं तिनं काट्यावर ठेवून वजन लिहून घेतलं.

"तिन्ही पातेली सारखी का?" तपासनीसानं विचारलं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तांदूळही बदलला, भांडंही बदललं, आचही बदलली, तर दोष कुणाला द्यायचा? आच सारखी, झाकण सारखं, वेळ सारखी. वीस मिनिटं."

वीस मिनिटांनी झाकणं निघाली. पहिल्या पातेल्यातला भात कसा छान मोकळा! दुसऱ्यातला जरा मऊ. आणि तिसऱ्यात? तिसऱ्यात नुसता गिच्च गोळा, वर पाणी तरंगतंय.

"त्रैराशिकाप्रमाणे तिन्ही भात सारखे व्हायला हवे होते," तपासनीस म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित खरखर आली. त्रैराशिक म्हणजे एकाला इतकं तर अनेकांना किती, हे काढायची रीत. तपासनीसाचा तिच्यावर फार जीव.

कितीनं तिन्ही पातेली पुन्हा तोलली आणि ती चक्क ओरडलीच. "काका, हे बघा! पहिलं अठ्ठ्याण्णव ग्रॅमनं हलकं झालंय. दुसरं एकशे तीन. तिसरं एकशे एक!"

"सुमारे शंभर ग्रॅम प्रत्येकी. हे वजन कोठे गेले? चोरी?"

"वाफ! वाफ होऊन उडून गेलं." यालाच बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन हवेत मिसळणं) म्हणतात. "माझी एक वाटी म्हणजे दोनशे ग्रॅम पाणी. म्हणजे प्रत्येक पातेल्यातून अर्धी वाटी उडाली. एक वाटी तांदूळ असो नाहीतर चार, उडाली अर्धीच!"

ती एकदम ओट्यावर चढून बसली. अशी चढून बसली की समजावं, हिला काहीतरी उमगलंय.

"पाण्याला दोन वाटेकरी आहेत, काका! एक तांदूळ आणि एक हवा. पहिल्या पातेल्यात दोन वाट्या पाणी होतं. अर्धी हवेनं नेली, म्हणजे तांदळानं प्यायली दीड. तांदूळ दुप्पट झाला तर तो दुप्पट पिणार, तीन वाट्या. पण हवेला काय पत्ता, आत तांदूळ किती आहे? ती आपली अर्धीच वाटी नेणार. तुम्ही दोघांचा वाटा वाढवलात. वाढायला हवा होता एकाचाच."

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. तांदळाचा वाटा समप्रमाणात (एक गोष्ट जितक्या पटीनं वाढते, तितक्याच पटीनं दुसरी वाढणं) वाढतो. वाफेचा वाटा मात्र त्या पातेल्यापुरता स्थिर (न बदलणारा) असतो. बहात्तर म्हणणारे आपण सगळे हवेला उगाचच छत्तीस अर्ध्या वाट्या देऊन बसलो होतो.

"मग छत्तीस वाट्यांना तांदळाच्या चोपन्न, आणि हवेची अर्धी," किती म्हणाली. "साडेचोपन्न!"

"नोंदवू?" तपासनीसानं विचारलं.

"नोंद—" आणि किती थांबली. कारण बाबानं तोंडावरचा हात न काढता मांडणीवरून मोठं पातेलं उतरवून ठेवलं होतं. बोलायला बंदी होती, भांडी हलवायला नव्हती! त्या पातेल्याचं ते ऐसपैस तोंड बघून कितीला आपलाच प्रश्न आठवला. पातेलं केवढं?

"नका नोंदवू! हवेला आत यायला दार मोठं झालंय. वाफ पाण्याच्या वरच्या, उघड्या भागावरून निघते. आणि खालची शेगडीही मोठी, आचही तिच्या मानानं मोठी."

तिनं वितीनं मोजलं. लहान पातेल्याचं तोंड एक वीत, मोठ्याचं दोन वीत.

"दुप्पट," तपासनीस तत्परतेनं म्हणाला. "सबब, वाफ दुप्पट. एक वाटी."

कितीला हे पटलं नाही, पण का पटलं नाही ते सांगता येईना. मग तिनं मसुराचा डबा ओढला. लहान झाकण उलटं ठेवून त्यावर मसूर पसरला, एकच थर, दाण्यावर दाणा नाही. तो मसूर तोलला. पन्नास ग्रॅम. मग तसाच एक थर मोठ्या झाकणावर. एक दाणा इकडे सरकव, एक तिकडे, जीभ बाहेर काढून तिचं काम चाललेलं. तपासनीसाचा डोळा दाण्यांवरून हलत नव्हता.

"दोनशे तीन ग्रॅम!" ती म्हणाली. "दुप्पट कुठलं, चौपट आहे! रुंदीला दुप्पट आणि लांबीलाही दुप्पट. दोन दुणे चार. क्षेत्रफळ (झाकणानं व्यापलेली जागा) चौपट झालं, म्हणून वाफही चौपट. चार अर्ध्या म्हणजे दोन वाट्या. चोपन्न आणि दोन, छप्पन्न. आता नोंदवा, काका. छप्पन्न!"

घड्याळात बारा वाजून गेले होते. बाबानं शेगडी पेटवली. किती वाट्या मोजू लागली आणि तपासनीस प्रत्येक वाटी मोठ्यानं म्हणू लागला. छप्पन्नावी वाटी ओतली, उकळी आली, आच मंद केली, झाकण पडलं. आता वीस मिनिटं काही करायचं नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. कितीचा जीव नुसता टांगणीला लागला. चुकलं असेल तर? उद्या आपली पेटी भरलेली असेल तर? बाबानं तिचा हात घट्ट धरून ठेवला.

एकच्या ठोक्याला बाहेर जीप थांबल्या. आई शिरस्त्राण काढत आत आली. "भूक भूक झालीय रे सगळ्यांना! अरे, आणि हे पाहुणे कोण?"

बाबानं झाकण उचललं. वाफेचा लोट छताला गेला आणि खाली... खाली मोकळा, टपोरा भात! दाण्याला दाणा चिकटलेला नाही. बाबानं तळापर्यंत उलथनं घालून पाहिलं. पाण्याचा थेंब नाही, करपल्याचा वास नाही. कितीनं आधी आईला मिठी मारली, मग बाबाला, आणि मग तपासनीसाच्या गार पत्र्यालाही.

आईनं घास घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले.

"भात झकास झालाय. पण हे काय, मीठ कुठाय?"

कितीनं कपाळावर हात मारला. पाण्याच्या नादात मीठ राहिलंच की!

तपासनीसाच्या पोटात पुन्हा टिकटिक सुरू झाली. त्यानं मिठाची बरणी निरखून पाहिली. मग म्हणाला, "एक शंका. एका वाटी तांदळाला पाव चमचा मीठ. छत्तीस वाट्यांना... मिठाचे वाटेकरी किती?"

कितीला हसूच फुटलं. "एकच! मिठाची वाफ होत नाही, काका. तिथं तुमचं त्रैराशिक अगदी बरोबर आहे. नऊ चमचे."

"हुश्श," तपासनीस म्हणाला. असं म्हणण्याची तरतूद त्याच्या नियमांत होती की नाही, देव जाणे.

त्याच्या छातीतून एक कागदी पट्टी सरसरत बाहेर आली. किती ती मोठ्यानं वाचू लागली. 'प्रश्न वीस, उत्तर बरोबर. एकूण गुण पंधरा. घरशाळा सुरू ठेवावी.' खाली आणखी एक ओळ होती. 'प्रश्न वीस सदोष. यापुढे सर्व मुलांना हा प्रश्न पातेल्याच्या मापासह विचारावा. सुधारणा सुचवणारी, कृत्तिका खैरमोडे.' शेवटची ओळ ऐकताच पथकातल्या छत्तीस जणांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की ताटं वाजली.

"राजधान्या मात्र पाठ कराव्यात," तपासनीस म्हणाला. "पालकांनीही."

बाबाची बंदी आता उठली होती. तपासनीस अंगणात पंखे उघडत असताना तो मुद्दाम खोडी काढत म्हणाला, "काय हो, इथं यायला तुम्हाला वीस मिनिटं लागली. मग परत जायलाही वीसच ना?"

"होय. वी—" तपासनीस अडखळला. त्यानं आपला डोळा वर फिरवला. पठारावरच्या साऱ्या पवनचक्क्या भरभर फिरत होत्या. मग तो तीन चाकांवर वळून कितीकडे आला आणि हळूच म्हणाला, "आपल्या काकाला सांगता का, वारा कुठल्या बाजूचा आहे?"